इर्या सुट्टीला आली

इर्या कोलेहमाइनेन ट्राम चालवायची. तिच्या ट्रामचा शेवटचा थांबा आमच्या गेस्टहाउसच्या अगदी समोर, जिथे आमच्या कातायानोक्का भागातला रस्ता संपतो आणि समुद्र सुरू होतो. बाकीचे ड्रायव्हर त्या वळणावर घाई करतात, चाकं किंचाळतात. इर्याची ट्राम वळायची ती मांजर कूस बदलते तशी. स्वयंपाकघरात पीठ मळता मळता मला कळायचं, आज इर्या आहे.

थांब्यावर ती खाली उतरायची, हात मागे बांधायची आणि पाण्याकडे तोंड करून उभी राहायची. उंच, खांद्यात जराशी वाकलेली, राखाडी केस आखूड कापलेले. पाऊस असला की मी दारातून कॉफीचा कप पुढे करायची. ती दोन घोट घ्यायची, "बरं वाटलं, आउने," म्हणायची आणि पुन्हा आपल्या केबिनमध्ये. आमची ओळख इतकीच. ती कुठे राहते, घरी कोण आहे, मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. आमच्याकडे हे असंच चालतं. माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना मान हलवून ओळखतात आणि त्यात कुणालाच काही कमी वाटत नाही.

काही वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये, लिलॅकची फुलं नुकती गळायला लागली होती तेव्हा, इर्या दारात उभी राहिली. अंगावर गणवेश नव्हता, म्हणून आधी मी ओळखलंच नाही. हातात कापडी पिशवी.

"खोली आहे का गं?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. तीन दिवस."

मला वाटलं, घरात पाणी भरलं असणार. "काय झालं? नळ फुटला की काय?"

"नळ ठीक आहे. घरही जागेवर आहे, वाल्लिलाला." ती जराशी लाजली. "सुट्टीला आलेय."

वाल्लिला आमच्यापासून ट्रामने पाव तासावर. मी तिच्याकडे बघत राहिले तशी ती म्हणाली, "हसू नकोस हं. बहीण म्हणते स्पेनला जा. तिकडे जाऊन मी काय करू, वाळूत लोळू? हे लोक रोज माझ्या ट्राममधून इथे उतरतात, चाकाच्या बॅगा ओढत. येताना चेहरे आवळलेले असतात. दोन-तीन दिवसांनी तेच लोक परत चढतात तेव्हा चेहरे कसे सुटलेले असतात. इतकी वर्षं मी त्यांना आणून सोडते. म्हटलं, बघावं तरी इथे काय मिळतं ते."

मी तिला वरची कोपऱ्यातली खोली दिली. दोन खिडक्या, दोन्हीतून पाणी.

त्या दिवशी ती झोपली. जेवायलाही खाली आली नाही. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आली तेव्हा गालावर उशीची घडी उमटली होती. म्हणाली, "खाली ट्राम आली की माझा पाय पांघरुणात ब्रेक दाबतो. चादर पार गोळा झाली बघ."

इतक्यात तिचा फोन वाजला. तुर्कूला राहणारी तिची बहीण, मार्यात्ता. आवाज इतका मोठा की राय धान्याच्या काळ्या भाकरीला लोणी लावता लावता मलाही सगळं ऐकू येत होतं.

"अगं, घरचा फोन उचलत नाहीस, आहेस कुठे तू?"

"सुट्टीवर. समुद्रकिनारी."

"देवा, गेलीस एकदाची! कुठल्या देशात?"

"कातायानोक्कात."

"इर्या, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"खोलीला दोन खिडक्या आहेत," इर्या म्हणाली, जणू त्यात सगळं उत्तर आलं.

नाश्ता झाल्यावर ती बाहेर पडली. ट्राममध्ये बसायला तयार नव्हती. "दुसरा कुणी चालवत असताना मी आत बसले तर मला घाम फुटेल," म्हणाली. पायी गेली. बंदरावरच्या बाजारात तिने वाटाण्याच्या शेंगांची पिशवी घेतली आणि शेंगा सोलत, दाणे खात, किनाऱ्याकिनाऱ्याने चालत राहिली. टरफलं खिशात. हवा अशी होती की ऊन कुठून येतंय ते कळू नये, सगळीकडून एकसारखं पांढरं. समोरची बेटं पाण्यावर टेकलेली नाहीत, थोडी वर तरंगतायत असं वाटत होतं. आमच्याकडे वर्षातून असे मोजकेच दिवस येतात, आणि त्या दिवसांत आम्ही सगळेच जरा खुळ्यासारखे वागतो.

चालता चालता ती काइवोपुइस्तो बागेच्या खालच्या धक्क्यावर पोचली. तिथे उन्हाळ्यात लोक सतरंज्या धुतात. पाण्यावर लाकडी फळ्यांचा धक्का, त्यावर लांब टेबलं, कडेला सतरंज्या पिळायला दोन रुळांचं हाताने फिरवायचं यंत्र आणि वाळत घालायला दांडे. सगळीकडे पाइनच्या साबणाचा वास. लहानपणी आम्ही सगळ्याजणी आपापल्या आयांच्या मागे जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून विणलेल्या सतरंज्या ओढत तिथे गेलोय.

पुढचं मला इर्याने आणि तिथे तिला भेटलेल्या गृहस्थाने वेगवेगळं सांगितलं आहे. दोघांच्या सांगण्यात जे जुळतं, तेवढंच लिहिते.

धक्क्याच्या टोकाला एक म्हातारा गृहस्थ सतरंजी घासत होता. एन्सिओ त्याचं नाव. गोठलेल्या समुद्रातला बर्फ फोडणाऱ्या बोटींवर उभा जन्म स्वयंपाकी होता, आता निवृत्त. मोठे हात, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. करपलेलं पातेलं घासावं तसा तो सतरंजी घासत होता, गोल गोल, सगळं वजन टाकून. इर्याला ते बघवेना.

"अहो, ती सतरंजी आहे. तळाला काही लागलेलं नाहीये."

त्याने वर पाहिलं. "मग कशी घासायची?"

"धाग्याच्या दिशेने. लांब हात मारा."

"तुम्ही सतरंज्यांच्या इन्स्पेक्टर का?"

"ट्राम चालवते."

"वाटलंच. सरळ रेषेशिवाय दुसरं काही सुचत नाही तुम्हाला."

इर्या हसली. मग तिने ब्रश हातात घेऊन दाखवलं. त्याने दुसरी सतरंजी खंगाळायला पाण्यात सोडली. पाणी प्यायलेली सतरंजी किती जड होते त्याची त्याला कल्पना नव्हती. हातातून निसटली. लांब, निळी-तांबडी पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी हळूहळू उलगडत धक्क्यापासून दूर जायला लागली.

एन्सिओ ओरडला नाही. नुसता उभा राहिला, हात तसेच पुढे धरून. आणि अगदी हळू म्हणाला, "ती कैसाने विणलेली शेवटची."

कैसा म्हणजे त्याची बायको, हे इर्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने बूट काढले आणि कपड्यांनिशी समुद्रात उडी मारली.

जूनमधला आमचा समुद्र म्हणजे श्वास अडकवणारा गारठा. पहिल्या क्षणाला आपण आता मेलो असं तिला वाटलं. मग हातपाय आपोआप हलले. लहानपणी पोहायची, त्यानंतर कधी नाही. किती वर्षं झाली कोण जाणे. ती सतरंजीपर्यंत पोचली, एक टोक मनगटाला गुंडाळलं. आता परत फिरायचं. पण ती फिरली नाही. पाठीवर वळली आणि तशीच पडून राहिली.

धक्क्यावरच्या बायका ब्रश टाकून धावल्या. "बुडतेय का ती?" "अहो, दोर टाका कुणीतरी!" एन्सिओने आकडा लावलेली लांब काठी हातात घेतली, पण पुढे केली नाही. त्याने आयुष्यभर पाण्यात पडलेली माणसं पाहिली होती. ही पडलेली नव्हती. डोळे उघडे होते, तोंड थोडं उघडं, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मध्ये बोलू नये.

इर्या सांगते, कानात पाणी गेलं आणि सगळे आवाज बंद झाले. वर पांढरं आकाश, खाली काळं पाणी, मध्ये ती. सतरंजी तिच्या बाजूला पसरली होती, लाटेबरोबर वर जायची, खाली यायची, कुणीतरी शेजारी झोपून श्वास घेतंय तशी. तिला वाटलं, आता मला कुणीही हाक मारली तरी ऐकू येणार नाही. आणि मग वाटलं, हाक मारणारं तसंही कुणी नाही. गेले चार-सहा महिने तो विचार तिला झोपू देत नव्हता. पाण्यात तो टोचला नाही. नुसतंच हलकं वाटलं.

थंडीने दात वाजायला लागले तेव्हा ती परत आली. बायकांनी वर ओढलं. एन्सिओने दांड्यावरची एक कोरडी, उन्हाने तापलेली सतरंजी काढून तिच्याभोवती गुंडाळली, थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून दिली आणि पिशवीतून दालचिनीचा पाव काढला.

"ट्रामवाल्यांना पोहता येतं हे नवीनच कळलं," तो म्हणाला.

"आणि बोटीवरच्या माणसाला साधी सतरंजी धरता येत नाही, हेही," इर्या दात वाजवत म्हणाली.

मग तो तिला ओल्या सतरंजीवरच्या पट्ट्या दाखवत बसला. ही निळी म्हणजे माझा कामाचा शर्ट. ही तांबडी स्वयंपाकघराच्या पडद्याची. ही पिवळी कैसाच्या एका झग्याची, तो मला कधीच आवडला नव्हता, तिलाही ते माहीत होतं. म्हणून मुद्दाम मधोमध घातलीय.

संध्याकाळी इर्या दारात आली ती अनवाणी, केसांत शेवाळ, खिशातून ओली टरफलं बाहेर आलेली. मी कपाळाला हात लावला.

"स्पेनला गेली असतीस तर निदान कोरडी आली असतीस!"

"सॉना तापवशील का गं?" एवढंच म्हणाली.

तळघरातली सॉना, म्हणजे आमची वाफेची खोली, तापवली. पाहुणे सगळे बाहेर गेले होते, आम्ही दोघीच बसलो. मी दगडांवर पाणी टाकलं, वाफ वर गेली आणि पाठीवरून खाली उतरली. सॉनात आमची माणसं एकतर गप्प बसतात, नाहीतर जे कुठेच बोलत नाहीत ते बोलतात. इर्या बोलायला लागली.

तिची आई जानेवारीत गेली होती. शेवटची काही वर्षं तिला काहीच आठवायचं नाही. घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, एकदा गॅस चालू ठेवून बाहेर पडली होती. आणि परक्या घरी, परक्या माणसांत ठेवायचं इर्याच्या जिवावर आलं.

"मग कामावर जायचीस तेव्हा कोण बघायचं?"

"बरोबर न्यायची."

"कुठे?"

"ट्राममध्ये. पहिल्या सीटवर, माझ्या मागे. जेवणाचा डबा, पाण्याची बाटली देऊन. ती खिडकीतून बघत बसायची. वरच्या साहेबांना माहीत होतं, पण कुणी काही बोललं नाही. तिकीट तपासणारे तिला नावाने, 'शुभ दिवस, ल्यूली' म्हणून पुढे जायचे."

मला एकदम आठवलं. मोहरीच्या रंगाची टोपी घातलेली एक म्हातारी. थंडीत, पावसात, कायम त्याच सीटवर. मला वाटायचं, या बाईला समुद्र फार आवडत असावा, रोज इथवर येते आणि न उतरताच परत जाते.

"ती तुझी आई होती?"

"हो." तिने मान खाली घातली. घाम होता की डोळ्यांतलं पाणी, सॉनात ते कळत नाही. "तिला वाटायचं आपण गावाला चाललोय. सोर्तावालाला. लाडोगा सरोवराच्या काठी तिचं घर होतं. युद्धात तिथून उठावं लागलं तेव्हा ती लहान होती, नंतर ते गाव सीमेपलीकडे, दुसऱ्या देशात गेलं. इथे या शेवटच्या थांब्यावर पाणी दिसलं की विचारायची, आलं का गं? मी म्हणायची, अजून थोडं राहिलंय, आई. ती म्हणायची, बरं, बरं, सावकाश चालव. दिवसातून कितीदा तरी. आणि एकदासुद्धा चिडली नाही गं ती. दर वेळी आपण पहिल्यांदाच निघालोय असं तोंड."

मी आणखी पाणी टाकलं. दगड फुसफुसले.

"म्हणून मला इथे कधी निवांत थांबायलाच मिळालं नाही," इर्या म्हणाली. "आणि ती गेल्यावर थांबावंसं वाटेना. मागची सीट रिकामी असली की मला वाटतं कुणीतरी उतरायचं राहिलंय."

मी बर्चच्या पानांची जुडी घेतली आणि तिची पाठ झोडपायला लागले, आमच्याकडे सॉनात झोडपतात तशी. पानांचा हिरवा, ओला वास भरून राहिला. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "अगं, जरा हळू. मी पाहुणी आहे." आणि दोघीही हसत सुटलो.

शेवटच्या दिवशी सकाळी एन्सिओ गेस्टहाउसच्या पायरीवर हजर. दाढी केलेली, हातात टोपली. मला म्हणाला, "त्या ट्रामवाल्या बाई इथेच उतरल्यात ना? त्यांचे बूट धक्क्यावर राहिले."

"आणि टोपलीत काय?"

"टोपलीत शेपू घातलेला सामन मासा, नवे बटाटे. बूट वेगळ्या पिशवीत आहेत," तो गंभीरपणे म्हणाला.

दोघं छोट्या बोटीने समोरच्या बेटावर गेली. तिथे काही नाही. ग्रॅनाइटचे कातळ, गवत, बदकांची पिल्लं. त्यांनी थंड बटाटे खाल्ले, मासा खाल्ला. एन्सिओ बोटनियाच्या आखातातल्या बर्फाच्या गोष्टी सांगत होता. रात्रभर बोट बर्फ फोडत जाते तेव्हा भांडी फडताळात कशी गुणगुणतात, आणि हिवाळा संपून घरी आल्यावर त्या आवाजावाचून झोप कशी येत नाही. कातळ उन्हाने तापलेला, पाठीला ऊब देणारा. ऐकता ऐकता इर्याला झोप लागली.

परतीची बोट आली. खलाशाने भोंगा द्यायला हात वर केला, एन्सिओने लांबूनच खूण केली, नको. बोट गेली. पुढची आली, तीही गेली. ऊन सरकत होतं तसा एन्सिओ थोडा थोडा सरकत होता, आपली सावली तिच्या तोंडावर पडेल असा. हे तिने मला सांगितलेलं नाही, तिला माहीतच नव्हतं. त्या बोटीच्या खलाशाने सांगितलं.

जाग आली तेव्हा पाणी सोनेरी झालं होतं. ती दचकून उठली. "अहो, किती वाजले? मला उठवलं का नाहीस?"

एका वाक्यात अहो आणि तू. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"तुझी ड्यूटी होती का कुठे?" तो म्हणाला.

तिने विचार केला. कुठेही नव्हती. मग ती पुन्हा आडवी झाली, या वेळी जागी, आणि दोघं शेवटच्या बोटीची वाट बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इर्या पिशवी घेऊन निघाली. समोर ट्राम उभी होती, दुसराच कुणी तरुण ड्रायव्हर होता. ती पायरीवर क्षणभर थबकली, मग चढली आणि मधल्या एका सीटवर बसली, गर्दीतल्या कुणाही बाईसारखी. वळणावर चाकं किंचाळली. खिडकीतून तिचं कपाळ आक्रसलेलं मला स्पष्ट दिसलं.

त्यानंतर तिने आणि एन्सिओने लग्न केलं, असं सांगायला मला आवडलं असतं. नाही केलं. ती वाल्लिलाला राहते, तो इथून दोन गल्ल्यांवर. मार्यात्ता ख्रिसमसला तुर्कूहून बघायला आली, एन्सिओला चार प्रश्न विचारले, त्याने केलेलं रुताबागा नावाच्या कंदाचं भरीत तीनदा वाढून घेतलं आणि स्पेनचा विषय पुन्हा काढला नाही. इर्या आता ऑक्टोबर संपेपर्यंत पोहते. कधी कधी ओल्या केसांनीच कामावर येते आणि थांब्यावर उतरली की आत येऊन नीट बसून कॉफी पिते.

दर गुरुवारी ती एन्सिओकडे वाटाण्याचं सूप प्यायला जाते. बोटीवर गुरुवारी सूप असायचं, त्याने ती सवय सोडलेली नाही. बर्फ फोडणाऱ्या बोटीवर जेवढी माणसं असतात तेवढ्यांचं सूप करतो, कमी करणं त्याला जमतच नाही, म्हणून गल्लीतलं कुणी ना कुणी तिथे असतंच. गेल्या गुरुवारी मीही गेले होते. सूप खारट झालं होतं. इर्याने ते त्याच्या तोंडावर सांगितलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.